नातूरपासेत : स्वीडनच्या जंगलात शिरण्यासाठी विकत घेतलेला नकाशा

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला स्टॉकहोमच्या आसपासचे जंगल पहिल्या नजरेत किरकोळ वाटते. चढ असले तर वीस-तीस मीटरांचे, कडे असले तर दोन-तीन पुरुष उंचीचे, आणि पाण्याची ददात कुठेच नाही. पण सह्याद्रीत मान वर केली की एखादा किल्ला, एखादी सोंड, निदान समोरच्या डोंगराची धार तरी दिसते आणि आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येतो. इथे मान वर केली की स्प्रूस आणि पाइनची खोडे दिसतात, आणि मागे वळून पाहिले तरी तीच खोडे दिसतात. या जंगलात मळलेली वाट सोडून शिरायचे असेल, तर नकाशा आणि होकायंत्र वापरता यायलाच हवे. ते शिकण्याची जी सोय इथे थोडक्या पैशांत मिळते, तिचे नाव नातूरपासेत. ती मी गेले काही उन्हाळे वापरत आहे आणि इथे नव्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर घ्यावी असे माझे मत आहे; मात्र ती घेताना काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी ठाऊक असलेले बरे.

नातूरपासेत म्हणजे स्थानिक ओरिएंटियरिंग (नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने रानातल्या खुणा शोधण्याचा खेळ) क्लबाने आपल्या भागातील जंगलाचा तयार करून विकलेला नकाशांचा संच. क्लबाचे स्वयंसेवक वसंत ऋतूत जंगलात ठरावीक जागी खुणा बसवतात, त्या जागा नकाशावर जांभळट वर्तुळांनी दाखवतात, आणि शरद ऋतूत त्या काढून घेईपर्यंत विकत घेणाऱ्याने हवे तेव्हा जाऊन हव्या तितक्या शोधाव्यात, एवढाच करार असतो. वेळ कोणी नोंदवत नाही, क्रमाचे बंधन नाही, आणि धावण्याची सक्ती तर नाहीच. प्रत्येक खुणेवर अक्षरे लिहिलेली असतात. ती सोबतच्या कार्डावर उतरवून घ्यायची आणि हंगामाच्या शेवटी कार्ड क्लबाकडे पाठवायचे, म्हणजे सोडतीत नाव जाते. किंमत क्लबागणिक बदलते, पण साधारण दोनशे क्रोनरच्या आसपास धरून चालावे. आठवड्यातून एक संध्याकाळ काढली तरी अख्खा हंगाम पुरेल इतका ऐवज त्यात असतो, हे लक्षात घेता हा खर्च कोणालाही जड वाटू नये.

ही सोय याच देशात इतकी रुजली, यामागे जुना इतिहास आहे. ओरिएंटियरिंगची पहिली जाहीर स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ झाली. परंतु खेळ म्हणून त्याला आकार दिला तो स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने. धावण्याच्या शर्यतींतला तरुणांचा रस ओसरत चालला आहे हे पाहून त्याने मार्च १९१९ मध्ये स्टॉकहोमच्या आग्नेयेला साल्टशोबाडेन येथे नकाशा-होकायंत्राची स्पर्धा भरवली आणि तिला दोनशेहून अधिक स्पर्धक आले. आज इथल्या शाळांच्या अभ्यासक्रमात नकाशाच्या आधाराने अनोळखी परिसरात वाट काढणे हा खेळाच्या विषयाचाच भाग आहे. त्यामुळे इथे वाढलेल्या माणसाला नातूरपासेतच्या पाकिटातील कागद उलगडताच कळतो, आणि आपल्याला कळत नाही. या उत्पादनाविषयी माझी जी मुख्य तक्रार आहे ती इथूनच सुरू होते, पण तिच्याकडे नंतर येतो.

आधी नकाशाविषयी, कारण खरी किंमत त्याचीच आहे. आपल्याकडे ट्रेकर मंडळी सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्या नकाशांवर वाढली, ते १:५०,००० प्रमाणाचे असतात आणि त्यांतील दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचे वीस मीटरांचे अंतर असते. म्हणजे एखादे पंधरा मीटर उंचीचे टेकाड दोन रेषांच्या मध्ये लपून गेले, तर नकाशाला त्याचा पत्ताही नसतो. ओरिएंटियरिंगचा नकाशा बहुधा १:१०,००० प्रमाणाचा असतो आणि त्यातील समोच्च रेषा दर पाच मीटरांवर असतात. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, हे गणित शाळकरी पोरालाही चालता चालता करता येते. पुरुषभर उंचीचा एकटा दगड, दोन-तीन मीटरांचा कडा, शिकाऱ्यांनी बांधलेला मचाण, जुन्या कोळशाच्या भट्टीची जागा, दलदलीच्या मधोमध उरलेले कोरडे बेट, हे सारे त्यावर असते. या नकाशांचे काम करणारी माणसे जंगलात पायी फिरून एकेक खडक नोंदवतात, आणि ती मेहनत कागदावर स्पष्ट दिसते. अशा नकाशाची सवय झाल्यावर मोबाइलवरचा नकाशा उघडला की तो निव्वळ हिरवा डाग वाटतो.

रंगांची पद्धत मात्र आपल्या अपेक्षेच्या उलट आहे आणि नवख्याने ती घरीच बसून पक्की करावी. ज्या जंगलातून सहज धावत जाता येते ते पांढरे दाखवतात. हिरवा रंग म्हणजे दाट झाडी, आणि हिरवा जितका गडद तितके आत शिरणे अवघड. सर्वांत गडद हिरव्यातून जाणे म्हणजे करवंदाच्या जाळीतून जाणे, फक्त करवंदे नाहीत. पिवळा म्हणजे मोकळे रान किंवा शेत, निळ्या आडव्या रेघा म्हणजे दलदल, करडा म्हणजे उघडा खडक, काळ्या रंगात दगड, कडे आणि माणसाने केलेल्या गोष्टी, आणि तपकिरी रंगात जमिनीचे चढ-उतार. घरांभोवतालच्या खासगी आवाराला शेवाळी हिरवा रंग दिलेला असतो आणि तिथे पाऊल टाकायचे नसते. स्वीडनमध्ये कोणाच्याही मालकीच्या रानातून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो हक्क कोणाच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही.

या सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तपकिरी रेषा. वाटा बदलतात, झाडे तोडली जातात, दगड शेवाळाखाली हरवतात, पण जमिनीचा आकार जागच्या जागी राहतो. समोच्च रेषा उताराकडे बाहेर फुगली असेल तर ती सोंड, चढाकडे आत वळली असेल तर ती घळ, दोन टेकाडांच्या मध्ये रेषा आवळल्या असतील तर ती खिंड. सह्याद्रीत हे आकार आपण पायांनी ओळखलेले असतात, त्यामुळे मराठी भटक्याला हा भाग इतरांपेक्षा लवकर जमतो असा माझा अनुभव आहे. फरक एवढाच की इथली सोंड पाच मीटर उंचीची असते आणि ती चालून संपली तरी कळत नाही. हिमयुगात बर्फाने घासून गोल केलेल्या या भूमीत सगळेच उतार बुटके आहेत. डोळ्याला त्या मापाची सवय होईपर्यंत काही संध्याकाळी जातात.

होकायंत्र पाकिटात मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. यासाठी पारदर्शक पट्टीवर फिरती डबी बसवलेले साधे होकायंत्र पुरते. स्वीडनमध्ये शेलस्ट्रोम बंधू आणि गुन्नार टिलांडर यांनी अशा होकायंत्रासाठी सिल्व्हा कंपनी सुरू केली ती १९३३ मध्ये, आणि तेव्हापासून त्याच्या मूळ रचनेत फारसा बदल करावा लागलेला नाही. आरसा, भिंग, अंधारात चमकणारे आकडे यांवर जादा पैसे घालवू नयेत. पट्टीच्या कडेला मिलिमीटरची मोजपट्टी आहे ना, एवढे मात्र पाहावे. कारण गिर्यारोहणाच्या होकायंत्रांवर १:२५,००० आणि १:५०,०००ची मापे छापलेली असतात आणि ती या नकाशाला उपयोगी नाहीत.

वापरण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. पट्टीची लांब कड आपण उभे असलेल्या जागेपासून जायच्या जागेपर्यंत ठेवायची, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला करून. मग डबी फिरवून तिच्या तळाच्या रेघा नकाशावरील उत्तर-दक्षिण रेघांशी समांतर करायच्या. शेवटी होकायंत्र छातीसमोर आडवे धरून, सुईचे लाल टोक डबीतील खुणेत येईपर्यंत स्वतः फिरायचे. आता बाण दाखवेल तिकडे चालावे. ओरिएंटियरिंगच्या नकाशावरील उत्तर रेघा चुंबकीय उत्तरेप्रमाणेच, म्हणजे सुई दाखवते त्या उत्तरेप्रमाणेच आखलेल्या असतात, त्यामुळे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातील फरकाची बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. स्टॉकहोमच्या भागात हा फरक काही अंशांचा असल्यामुळे ही सोय लहान नाही. डबी उलटी लावली गेली तर मात्र माणूस बरोबर विरुद्ध दिशेला निघतो, आणि होकायंत्राचा त्यात दोष नसतो. दिशा घेतल्यावर सूर्याकडे एकदा पाहून खात्री करण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे एक उदाहरण देतो. दोन पायवाटा मिळतात तिथे आपण उभे आहोत आणि खूण आहे एका टेकाडाच्या उत्तर पायथ्याशी असलेल्या दगडाजवळ. नकाशावर अंतर बत्तीस मिलिमीटर, म्हणजे ३२० मीटर. मध्ये एक लांबट दलदल. नवखा माणूस थेट दगडाची दिशा घेतो आणि सुईकडे पाहत निघतो. पण तीनशे मीटर झाडाझुडपांतून, पडलेल्या खोडांना वळसे घालत सरळ रेषेत चालणे कोणालाच नीट जमत नाही, आणि दहा-पंधरा मीटरांनी बाजूला सरकलो तरी दगड झाडीआड जातो. म्हणून आधी दगडाऐवजी दलदलीच्या दक्षिण टोकाची दिशा घ्यावी. ती मोठी आहे, चुकणार नाही. पायाखालची नीलबेरीची झुडपे संपून जमीन स्पंजासारखी दबू लागली आणि पाइन खुरटे झाले की आपण तिथे पोहोचलो. त्या टोकापासून दगडापर्यंत फक्त ऐंशी मीटर उरतात. आता होकायंत्राची दिशा नव्याने आणि काळजीपूर्वक घ्यावी, दुहेरी पावले मोजावीत, म्हणजे एकाच पायाचे प्रत्येक पाऊल. माझी या जंगलात शंभर मीटरला साधारण सत्तर दुहेरी पावले पडतात, तेव्हा छप्पन्नच्या आसपास समोर काहीतरी दिसायला हवे. दिसते ते टेकाड. दगड दिसत नाही, कारण तो पलीकडच्या अंगाला आहे. टेकाडाला वळसा घातला की शेवाळाने मढलेला, डोक्याएवढ्या उंचीचा दगड आणि त्याच्याशी बसवलेली नारिंगी-पांढरी खूण एकदम पुढ्यात येते. नकाशावरील वर्तुळ जमिनीवर साधारण पंचाहत्तर मीटर व्यासाचे असते, पण खूण असते ती बरोबर त्याच्या मध्यावरील वस्तूपाशी. वर्तुळात कुठेतरी असेल अशा समजुतीने झुडपे चाळत फिरणाऱ्यांची संध्याकाळ वाया जाते.

खुणांना काठिण्यानुसार रंग दिलेले असतात. बहुतेक ठिकाणी हिरव्या सर्वांत सोप्या, मग निळ्या, लाल आणि काळ्या. हिरव्या खुणा वाटेला लागून असतात, लहान मुलांना घेऊनही करता येतात. निळ्या वाटेपासून थोड्या आत, लाल आणि काळ्या खुणांसाठी समोच्च रेषा वाचता आल्याच पाहिजेत. (नकाशावर हिरवा म्हणजे अवघड आणि खुणांत हिरवा म्हणजे सोपा, हा घोळ कोणीतरी एकदा निस्तरायला हवा.) वर्गवारी सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे केलेली नसते. स्पर्धक मंडळींना जे निळे वाटते ते आपल्याला लाल वाटू शकते, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक खूण एक पायरी अवघड समजूनच निघावे.

आता ती तक्रार. नातूरपासेत नकाशा देते, शिकवण देत नाही. पाकिटात नकाशे, खुणांची वर्णने, कार्ड आणि वाहन कुठे लावावे याची माहिती असते. चिन्हांची सूचीही असते, पण समोच्च रेषा कशा वाचाव्यात किंवा होकायंत्र कसे धरावे याविषयी सहसा काही नसते, आणि जे असते ते स्वीडिश भाषेत. खुणांच्या वर्णनातील नेहमीचे शब्द थोडेच आहेत : स्टेन म्हणजे दगड, ह्योड म्हणजे टेकाड, सेंका म्हणजे घळ किंवा खोलगट जागा, ब्रांत म्हणजे छोटा कडा, मोसे म्हणजे दलदल. दिशांसाठी पश्चिमेला इंग्रजीतला 'व्ही' आणि पूर्वेला डोक्यावर दोन टिंबे असलेला 'ओ' वापरतात, हे माहीत नसेल तर दगडाची भलतीच बाजू तपासली जाते. परदेशातून आलेल्यांची संख्या या शहरांत एवढी वाढल्यानंतर एक पान इंग्रजीत छापणे क्लबांना अशक्य नाही. काही क्लब वसंतात नवख्यांसाठी वर्ग घेतात आणि ते उत्तम असतात, पण पाकिटावर त्याचा उल्लेख हवा.

दुसरी बाब नकाशाच्या वयाची. या जंगलांत लाकूडतोड हा नियमित व्यवसाय आहे. ज्या पट्ट्यातली झाडे एका हिवाळ्यात उतरवली, तो नकाशावर पांढरा आणि प्रत्यक्षात उघडा, फांद्यांच्या ढिगांनी भरलेला असतो. तिथेच काही वर्षांनी दाट रोपे उगवून तो गडद हिरवा होतो. तोडणीच्या यंत्रांनी पाडलेल्या चाकोऱ्या नव्या वाटांसारख्या दिसतात आणि नकाशावर नसतात. म्हणून नकाशा विकत घेण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यात छापलेले सुधारणेचे वर्ष पाहून घ्यावे. अधूनमधून एखादी खूण जनावराने किंवा टवाळखोराने उपटलेलीही असते. बहुतेक क्लब त्यासाठी संपर्काचा पत्ता देतात, तो वापरावा. जागा आपण अचूक ओळखली आहे याची खात्री असेल, तर खूण सापडली नाही तरी मला फारसे वाईट वाटत नाही; पण मुले सोबत असली की त्यांचा हिरमोड होतो, हेही खरे.

या क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली हितुत नावाचा दुसरा उपक्रम अनेक नगरपालिकांत चालतो. तो फुकट आहे, नकाशा ग्रंथालयात मिळतो, आणि सापडलेल्या खुणांची अक्षरे संकेतस्थळावर नोंदवता येतात. शहरातल्या बागा, ऐतिहासिक जागा, नदीकाठ अशा ठिकाणी त्याच्या बऱ्याच खुणा असल्यामुळे बाळगाडी घेऊनही फिरता येते. नव्या गावाची ओळख करून घ्यायची असेल तर हितुत उत्तम. पण तिथे होकायंत्र खिशातून काढायची वेळ क्वचित येते. जंगलात वाट काढायला शिकायचे असेल, तर पैसे मोजून नातूरपासेतच घ्यावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पूर्ण लांबीची विजार घालावी. उन्हाळ्यात या भागातील गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वराचा संसर्ग होऊ शकतो, त्याची लस इथे सहज मिळते आणि नियमित जंगलात जाणाऱ्याने ती टोचून घ्यावी. परतल्यावर गुडघ्यांमागे आणि काखेत तपासावे. नकाशा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा, घडी घालून फक्त लागणारा भाग वर ठेवावा, आणि अंगठा नेहमी आपण असू त्या जागेवर असावा. हा अंगठा एकदा सुटला की पुन्हा जागा शोधण्यात जितका वेळ जातो तितका चालण्यातही जात नाही. भ्रमणध्वनी होकायंत्राच्या खिशात कधीही ठेवू नये. त्याच्या आवरणातल्या चुंबकाने सुईचे ध्रुव चक्क उलटे होऊ शकतात आणि मग लाल टोक इमानेइतबारे दक्षिण दाखवत राहते. ऑक्टोबरमध्ये एल्क या मोठ्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार चालू असलेला भाग टाळावा.

मायदेशी सुट्टीला जाताना इथले होकायंत्र बरोबर नेणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्टॉकहोममध्ये जमिनीशी सत्तर अंशांहून अधिक कोन करून खाली जाते, तर पुणे-मुंबईकडे हा कोन तीस अंशांच्याही आत असतो. उत्तर युरोपसाठी बनवलेल्या सुईचे लाल टोक खाली झुकू नये म्हणून तिच्या दक्षिण टोकाला किंचित जास्त भार दिलेला असतो. तीच सुई सह्याद्रीत नेली की दक्षिण टोक खाली जाते आणि डबीच्या तळाला घासू लागते. काम चालते, पण होकायंत्र तिरके धरावे लागते आणि सुई अडखळते. दोन्हीकडे वापरायचे असेल तर कुठल्याही प्रदेशात चालेल अशा सुईचे होकायंत्र मिळते, ते महाग असले तरी घ्यावे. महाराष्ट्रात खरी आणि चुंबकीय उत्तर यांतील फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे तिथे ही एकच काळजी घ्यायची.

खुणा एप्रिल-मेमध्ये लागतात आणि संच त्याच सुमारास खेळाच्या सामानाच्या दुकानांत किंवा थेट क्लबाकडे मिळू लागतात. मे महिन्यातच घ्यावा, कारण तेव्हा जमिनीलगतची फर्न अजून उगवलेली नसते, लहान दगड आणि खळगे लांबूनही दिसतात आणि नकाशा जमिनीशी जुळवून पाहणे सोपे जाते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्याने कचेरीतून परतल्यावर, जेवण उरकून निघाले तरी चार-पाच खुणा निवांत होतात. ऑगस्टमध्ये खुणांचा हिशेब फार कडक ठेवू नये, कारण प्रत्येक दगडाभोवती नीलबेरी पिकलेल्या असतात.